तीन रकाने

पॅरिसहून आलेलं पत्र त्यानं तीनदा वाचलं.
वळणदार अक्षर, तळाशी लाल लाख.
‘महाशय, आपल्या डोंगराळ बोलीचे शब्द
तीन रकान्यांत पाठवावेत :
आधी बास्क, मग फ्रेंच, मग लॅटिन.
क्रियापदांचा गुंता शक्यतो टाळावा.
आणि ही भाषा मुळात कुणाची लेक,
याचाही उलगडा व्हावा, एका ओळीत.’

एका ओळीत!
गानिश उरुस्पिल हसला, मग खोकला,
मग चुलीत चेस्टनटचं एक लाकूड सारलं.

बावीस वर्षं त्यानं गावाची मृत्युपत्रं लिहिली.
माणूस जीव सोडायचा बास्कमध्ये,
कागदावर फ्रेंचमध्ये.
कुणी म्हणे, ती बुजरी गाय धाकटीला द्या,
तिच्याच हाताला पान्हावते.
तो लिही : गाय, एक.
कुणी म्हणे, समुद्राकडची खिडकी लावू नका,
थोरला कॉडच्या मागे न्यूफाउंडलंडला गेलाय,
यायचाय अजून.
तो लिही : घर, खिडक्यांसह.
उरलेलं सगळं
बाहीला चिकटून त्याच्याबरोबर घरी यायचं.
बायको म्हणायची, दारातच झटका.
त्याच्यानं झटकवेना.

आता चिठ्ठ्या खारवलेल्या माशांच्या पिंपात राहतात.
पिंप सातदा धुतलं, वास जात नाही.
‘इत्सासो’ म्हणजे समुद्र,
त्या चिठ्ठीला तो शोभतो तरी.
‘इलार्गी’ म्हणजे चंद्र :
पाद्री म्हणतो, मेलेल्यांचा उजेड,
शाळामास्तर म्हणतो, छे, महिन्याचा उजेड.
दोघांचं बोलणं बंद आहे ईस्टरपासून.
फुलपाखराला तीन खोऱ्यांत अकरा नावं,
त्यातलं एक गिरणीवाल्याच्या पोरानं सांगितलं :
पिनपिलिनपाउशा.
पॅरिसला वाटेल, नोटरी पिऊन लिहितोय.

सगळ्यात जास्त शब्द दिले एस्तेबेनीनं.
फुकट नाही, चिमूटभर तपकिरीला एक.
तो विचारी, लॅटिनला लिंग लागतं,
दगड नर की मादी?
ती म्हणे, उचलून बघितलास का?
तिच्याकडे तो, ती, ते,
सगळ्यांना मिळून एकच : ‘हुरा’.
ज्याला कळायचं त्याला कळतं, म्हणे.

आणि गाढवाला तू, नातवाला तू,
पण मधमाशांना तुम्ही.
तुम्ही?
मेण कोण देतं? तुझा राजा?
मेणाशिवाय गेलेल्यांना वाट कशी दिसायची?
आणि हे लिही, नोटरी :
कुत्रं मरतं.
माणूस वारतो.
मधमाशीही वारते.
त्याची लेखणी थांबली होती.
कीटकच शेवटी, असं काहीतरी तो पुटपुटला
आणि तपकिरीची डबी पुढे केली.
तिनं घेतली नाही त्या दिवशी.

फेब्रुवारीत गेली.
मुलगा समुद्रावर, सून माहेरी.
यादी त्यानंच केली :
कुऱ्हाड, दोन पातेली, मधाच्या टोपल्या चार.
संध्याकाळी लोक पांगले
तरी तो परसात उभाच.
घरचं माणूस गेल्याचं
मधमाशांना कुणीतरी सांगायला हवं होतं,
नाहीतर त्या उठून जातात
किंवा राहतात, आणि मेण करत नाहीत.

शंभर मरणं त्यानं कायद्याच्या भाषेत जाहीर केली होती.
वाकला. वेताच्या टोपलीवर बोटानं टकटक केलं.
आत बारीक गुणगुण, हिवाळ्याची, एकमेकींना बिलगलेली.
‘ऐका,’ तो म्हणाला, ‘तुमची...’
आणि शब्दकोश करणाऱ्याला
पुढचा शब्द मिळेना.
मग मिळाला. चारही टोपल्यांना
वेगवेगळा सांगितला त्यानं,
एकाच वेळी सगळ्यांना सांगणं बरं दिसलं नसतं.

रात्री पिंपातून ‘एर्ले’ची चिठ्ठी काढली.
पहिला रकाना, दुसरा, तिसरा, भरलेले.
तिसऱ्याच्या बाहेर, समासात,
जिथे पॅरिसनं काहीच मागितलं नव्हतं,
त्यानं बारीक अक्षरात लिहिलं :
वारते.

मेणबत्तीचा एक थेंब पडला त्यावर. खरवडला नाही.
पत्राचं उत्तर अजून गेलेलं नाही.